बिघडलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसमधून माहिती परत कशी मिळवावी

एसक्यूलाइट ही सगळी माहिती एकाच फाइलीत ठेवणारी डेटाबेस प्रणाली आहे. तिच्याकडून ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ (फाइल बिघडली आहे) असा संदेश आला की सर्वप्रथम त्या फाइलवर लिहिणारे सर्व प्रोग्रॅम थांबवावेत आणि दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करण्याआधी फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. प्रत काढताना शेजारी त्याच नावाला ‘-वॉल’ (-wal) किंवा ‘-जर्नल’ (-journal) जोडलेली फाइल आहे का ते अवश्य पाहावे. बरेच जण ती निरुपयोगी समजून पुसून टाकतात आणि वाचू शकली असती अशी माहिती तिथेच गमावतात. वॉल फाइलमध्ये मुख्य फाइलीत अजून न उतरलेले ताजे व्यवहार (एकत्र केलेले बदल) असू शकतात, तर जर्नलमध्ये अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेण्यासाठी पानांची, म्हणजे फाइलीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची, जुनी रूपे ठेवलेली असतात. नावे जुळली तरच एसक्यूलाइट या फाइली ओळखते, म्हणून मुख्य फाइलीचे नाव एकटेच बदलू नये.

आता प्रतीचीही प्रत काढून तिच्यावर ‘प्राग्मा इंटिग्रिटी चेक’ ही फाइलीची रचना तपासणारी आज्ञा चालवावी. तक्रारी फक्त इंडेक्सबद्दल (नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूचीबद्दल) असतील तर मूळ नोंदी बहुधा शाबूत असतात आणि ती सूची नव्याने बांधणारे ‘रीइंडेक्स’ पुरते.

टेबलांची पानेच बिघडली असतील तर कमांड लाइन साधनातील ‘.रिकव्हर’ ही आज्ञा वापरावी. ती 2019 मधील 3.29 या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. जुन्या सवयीने ‘.डंप’ (डेटाबेस आज्ञांच्या मजकुरात उतरवणारी आज्ञा) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वाचताना चूक आढळली तर त्या मजकुराच्या शेवटी ‘कमिट’ (बदल कायम करा) ऐवजी ‘रोलबॅक’ (बदल मागे घ्या) लिहिले जाते, आणि तो तसाच नव्या डेटाबेसमध्ये भरला तर हाती काहीच लागत नाही. ‘.रिकव्हर’ मात्र सापडतील तेवढी पाने थेट वाचून एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतील आज्ञा) तयार करते. ते नव्या, रिकाम्या फाइलीत भरावे. कोणत्या टेबलातील हे ठरवता न आलेल्या नोंदी ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या टेबलात जमा होतात. त्या स्तंभांची संख्या आणि मूल्यांचे स्वरूप पाहून हातानेच जागी लावाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये.

पूर्वी पुसलेल्या नोंदीही या आज्ञेमुळे परत येऊ शकतात. त्या नको असतील तर ‘इग्नोर फ्रीलिस्ट’ (मोकळ्या पानांची यादी वगळा) हा पर्याय द्यावा. शेवटी नव्या फाइलीवर इंटिग्रिटी चेकबरोबर ‘फॉरेन की चेक’ (टेबलांमधील परस्पर संदर्भांची तपासणी) हेही चालवावे, प्रत्येक टेबलातील नोंदींची संख्या शेवटच्या बॅकअपशी ताडून पाहावी आणि ही पडताळणी होईपर्यंत मूळ बिघडलेली फाइल पुसू नये.