लाकडावर कॉफी भाजताय? या चुका टाळा

गॅसवर आच कमी करायची तर नॉब फिरवला की झालं. लाकडाच्या भट्टीत तसं होत नाही. लाकूड आधी पेट घेतं, मग जाळ होतो, मग निखारे पडतात, त्यांची धग ड्रमच्या पत्र्यात मुरते आणि तिथून ती बियांपर्यंत पोचते. आत्ता केलेला बदल बियांवर दिसायला दोन-तीन मिनिटं जातात. घरगुती भट्टीवर कॉफी बिघडते, त्याची निम्मी कारणं या उशिरात सापडतात. बिया चांगल्या असतात, माणसं मेहनती असतात, फक्त हा उशीर कुणी हिशेबात धरलेला नसतो.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात चिखलदऱ्याला, आणि तीही थोडी. त्यामुळे आपल्याकडे भट्टी टाकणाऱ्याला हिरव्या बिया बहुधा चिकमगळूर किंवा कोडगूकडूनच आणाव्या लागतात. पुढचं सगळं चार-पाच किलोच्या ड्रमसाठी आहे, जो घरातलीच दोन-तीन माणसं मिळून चालवतात.

निखारे पडायच्या आत बिया टाकणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. भट्टी धडधडून पेटलेली दिसली की हात शिवशिवतात. पण जाळ चंचल असतो. तो ड्रमला एका जागी चाटतो, तिथला पत्रा तापतो आणि बाकीचा ड्रम मागे राहतो. अशा घाण्यातल्या बिया हातात घेऊन बघा. सपाट बाजूवर काळे गोल डाग दिसतील, टोकं करपलेली असतील. बी सुरीने मधोमध कापली तर आत फिकट पिवळट रंग निघेल. अशी कॉफी एकाच वेळी करपट आणि कच्ची लागते. गिऱ्हाईक फक्त ‘कडू आहे’ म्हणतं. मग पुढच्या वेळी कमी भाजली जाते आणि ती आणखीच कच्ची होते.

पाऊण तास आधी भट्टी पेटवा. निखाऱ्यांचा जाड थर पडू द्या, मगच बिया टाका. खूण सोपी आहे: चिमणीतून येणारा पांढरा धूर जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे. त्यानंतर मनगटापेक्षा बारीक, सारख्या जाडीचे ढलपे थोडे थोडे टाकत राहायचं. डाग तरीही पडत असतील तर ड्रम फार तापलेला असताना बिया टाकल्या जातायत, किंवा ड्रम सावकाश फिरतोय. मिनिटाला पन्नास-साठ फेरे ठीक. पाच किलोच्या ड्रममध्ये साडेतीन ते चार किलोच भरा. गच्च भरलेल्या ड्रममध्ये बिया उलटत-पालटत नाहीत, नुसत्या सरकतात.

याच्या उलटा दोषही तितकाच आढळतो. मध्येच निखारे मंदावतात, थर्मामीटरचा काटा एका जागी रेंगाळतो आणि मग घाईघाईने लाकूड टाकलं जातं. त्याची धग पोचेपर्यंत बिया नुसत्या सुकत राहिलेल्या असतात. रंग येतो, पण कॉफी बेचव निघते, वास शिळ्या पावासारखा येतो. काटा अडला की लाकूड टाकायचं, ही पद्धतच चुकीची. काट्याचा वेग मंदावायला लागला की टाकायचं. अशा ड्रमवर साधारण बारा ते सोळा मिनिटांत घाणा उतरायला हवा. वीस मिनिटं ओलांडायला लागली की भाजणं संपून वाळवणं सुरू झालेलं असतं.

सगळ्यात नाजूक वेळ पहिल्या क्रॅकची. बियांचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास आलं की फुटण्याचा चट-चट आवाज सुरू होतो. थर्मामीटर कुठे बसवलाय त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणून कानावर जास्त विश्वास ठेवा. शेवटचं लाकूड या आवाजाच्या दोन-तीन मिनिटं आधी गेलेलं असलं पाहिजे. आवाज सुरू झाल्यावर काहीही टाकायचं नाही. उलट राखेच्या बाजूचं हवेचं तोंड अर्धं लावायचं, म्हणजे निखारे शांत होतात. इथे चुकलं तर बिया दुसऱ्या क्रॅककडे, म्हणजे पुन्हा फुटायला लागतात त्या सव्वादोनशे अंशांच्या दिशेने पळत सुटतात आणि लाकडाच्या भट्टीला ब्रेक नसतो. तरीही धग आवरत नसेल तर लांब दांड्याच्या फावड्याने निखारे पुढे ओढून लोखंडी घमेल्यात काढावे. म्हणून रिकामं घमेलं भट्टीशेजारी कायम हवं.

धुराला चव समजणं

‘लाकडावर भाजलेली’ म्हटलं की लोकांना धुराचा वास अपेक्षित असतो, आणि काही भट्टीवाले तो मुद्दाम देतात. माझं मत यावर ठाम आहे: धूर ड्रममध्ये शिरता कामा नये. अर्धवट जळालेल्या लाकडाचा धूर बियांवर डांबरासारखा थर धरतो. त्यात आरोग्याला घातक हायड्रोकार्बन असतात, आणि कपात शेवटी राखेची तुरट चव राहते. लाकडाचं खरं देणं म्हणजे जाड, सावकाश मुरणारी धग. रोबस्टा या कॉफीच्या जातीसारखी टणक बी त्या धगीत आतपर्यंत छान शिजते. त्यासाठी जाळाचा कप्पा आणि ड्रम वेगळे, धूर थेट चिमणीत आणि चिमणी उंच, एवढं हवंच.

कॉफीला धुरकट वास येतोय अशी तक्रार आली तर आधी लाकूड तपासा. ओलं लाकूड हे बहुतेक वेळा खरं कारण असतं. बाभूळ, चिंच, आंबा, काजू, काहीही चालेल. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक आणि छाटणीत निघालेली कॉफीची खोडंही चालतात. पण ओलावा वीस टक्क्यांच्या खाली हवा. दोन ढलपे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज आला पाहिजे. दबका आला तर लाकूड अजून ओलं आहे. कोकणात आणि घाटावर लाकूड उन्हाळ्यातच फोडून मिरगाच्या आत छपराखाली रचलेलं असावं. पावसात आणलेल्या लाकडावर त्या हंगामात कॉफी भाजूच नये. प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, पॅकिंगच्या फळ्या भट्टीत अजिबात नकोत. करवंट्या पेटवणीला उत्तम, पण भाजताना टाकल्या तर एकदम भडका देतात.

ओल्या लाकडाची काजळी चिमणीत साचते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. चिमणी ठरलेल्या दिवशी झाडायची. ‘वेळ मिळाला की’ असं म्हटलं तर ती वेळ येत नाही.

वीज जाईल हे गृहीत न धरणं

हा धोका लाकडाच्या भट्टीचा खास आहे. इलेक्ट्रिक यंत्रात वीज गेली की आच पण जाते. इथे मोटर थांबते, ड्रम थांबतो आणि खाली निखारे तसेच लाल. एक-दीड मिनिटात खालच्या बिया जळायला लागतात. त्यात बियांवरून सुटलेला पापुद्रा असतो, तो कागदासारखा पेटतो. ड्रमला हाताने फिरवायचा दांडा असलाच पाहिजे. फॅब्रिकेटरकडून ड्रम बनवून घेताना हे आधीच सांगा. नंतर बसवणं अवघड जातं. थंड करायच्या पंख्याला इन्व्हर्टर द्या.

ड्रममध्ये आग लागलीच तर पहिली प्रतिक्रिया दार उघडण्याची असते आणि तीच घातक. हवा आत गेली की भडका होतो. दार बंद ठेवून ड्रम फिरता ठेवायचा, हवेची तोंडं लावायची, निखारे बाहेर ओढायचे. अग्निशामक नळकांडं हाताशी, आणि ते कसं वापरायचं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. पापुद्रा साठतो ती पेटी दर दोन-तीन घाण्यांनंतर रिकामी करा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, आणि ताज्या भाजलेल्या कॉफीतूनही निघतो. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून भाजू नका. भाजलेल्या कॉफीची मोठी पिंपं झोपायच्या खोलीत ठेवू नका. छोट्या घरात जागा नाही म्हणून हे सर्रास होतं.

दमट बियांना नेहमीच्या पद्धतीने भाजणं

हिरव्या बीत दहा ते बारा टक्के पाणी असावं. आषाढ-श्रावणात गोणपाट जमिनीवर ठेवलं तर ते सहज वाढतं. मग गेल्या महिन्यात नीट उतरणारा घाणा या महिन्यात उशिरा उतरतो आणि घरात भट्टीला दोष दिला जातो. गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मान्सून्ड मलबारची गोष्ट निराळी. ती मुद्दाम पावसाळी वाऱ्यात फुगवलेली, फिकट आणि पोकळ बी असते. तिला सुरुवातीची धग कमीच द्यायची, नाहीतर लगेच डाग पडतात.

मसाल्याचा ड्रम, मसाल्याची गिरणी

घरात शेंगदाणे किंवा मिरची भाजायचा ड्रम आहे, तोच वापरू, असं वाटणं साहजिक आहे. पण कॉफी वास फार लवकर ओढून घेते. शेंगदाण्याचं तेल पत्र्यात मुरून खवट होतं. मिरचीचा ठसका तर धुऊनही जात नाही. गावातल्या डंखावर दळून आणलेल्या कॉफीला धणे-जिऱ्याचा वास येतोच. ड्रम वेगळा घ्या, दळायचं छोटं यंत्रही वेगळं. त्या खर्चात काटकसर करू नका.

सगळं एकाच माणसाच्या नाकावर

कुटुंबाच्या भट्टीत बहुधा वडील किंवा आजोबा वासावरून घाणा काढतात आणि अचूक काढतात. ते आठ दिवस आजारी पडले की काय होतं? त्यांच्या शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलं पाहिजे. बिया किती टाकल्या, दर मिनिटाला तापमान किती, लाकूड कधी आणि किती, आवाज कधी सुरू झाला, बाबांनी ‘काढ’ कधी म्हटलं, उतरल्यावर वजन किती. हे शेवटचं वजन सोडू नका. मध्यम भाजणीत साधारण १४ ते १६ टक्के वजन घटतं. एक किलो हिरव्या बियांचे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास होतात. अचानक घट २० टक्क्यांवर गेली तर घाणा जास्त भाजला गेलाय, चव घ्यायच्या आधीच कळतं. किंमत ठरवतानाही ही घट विसरून भागत नाही. बरेच जण हिरव्या बियांच्या भावावर नफा लावतात आणि तोट्यात जातात.

जाळ सांभाळणारा आणि ड्रम सांभाळणारा, ही दोन वेगळी माणसं असावीत.

उतरल्यानंतरची घाई

बिया चार-पाच मिनिटांत हाताला गार लागल्या पाहिजेत. ढिगात ठेवल्या तर आतल्या आत भाजत राहतात. गार झाल्या की लगेच हवाबंद पिशवीत भरू नका. त्यातून कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि साधी पिशवी फुगून फुटते. एकदिशा झडपेची, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पिशवी वापरा, नाहीतर एक दिवस झाकण सैल ठेवलेल्या डब्यात थांबू द्या. त्याच दिवशीची कॉफी फिल्टरला लावली तर फेस खूप येतो आणि चव उथळ लागते. तीन-चार दिवसांनी तीच कॉफी सुधारते. गिऱ्हाइकाला हे पाकिटावरच सांगा, म्हणजे निम्म्या तक्रारी येणार नाहीत.

चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) मिसळत असाल तर ती कॉफीबरोबर एका ड्रममध्ये भाजू नका, दोन्हींना लागणारी आच वेगळी आहे. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. घरगुती म्हणून ओळखीच्या लोकांना विकताना हे बऱ्याचदा राहून जातं. छोट्या भट्टीलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. पाकिटं छापायला टाकण्याआधीच ती करून घ्या, कारण तिचा क्रमांक पाकिटावर द्यावा लागतो.