धुरावर भिस्त ठेवू नका: हिवताप हटवताना डासनियंत्रणात होणाऱ्या चुका

हिवतापाचे रुग्ण वाढले की पहिली मागणी होते ती धुराच्या यंत्राची. यंत्र येतं, गल्लीभर पांढरा धूर पसरतो आणि काहीतरी झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. हिवतापाच्या बाबतीत मला ही सर्वांत महागडी चूक वाटते. धुरातलं औषध हवेत तरंगत असेल तोवरच काम करतं. हिवताप पसरवणारी ॲनोफेलिस जातीच्या डासाची मादी त्या वेळी बहुधा घरात, खाटेखाली किंवा कपाटामागे बसलेली असते. शिवाय दुसऱ्या दिवशी पाण्यातून नवे डास निघतातच. जागतिक आरोग्य संघटनाही हिवतापासाठी धूर फवारणीऐवजी कीटकनाशकभारित मच्छरदाण्या किंवा घरात भिंतींवर फवारणी सुचवते.

भिंतच का, हे नीट समजून घ्या. पुढची सगळी निवड याच हिशेबावर उभी आहे. मादी रुग्णाचं रक्त प्यायली म्हणजे लगेच रोग पसरवत नाही. परजीवी तिच्या लाळेत पोहोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, हवा थंड असेल तर आणखी जास्त. बहुतेक डास तेवढे जगतच नाहीत. रोग पसरवतात त्या मोजक्याच म्हाताऱ्या माद्या. तेवढं वय गाठेपर्यंत त्यांना चार-पाच वेळा तरी रक्तासाठी यावं लागतं आणि पोट भरल्यावर जड अंगानं जवळच्या भिंतीवर टेकावं लागतं. दर खेपेला वाटेत औषध असेल तर म्हातारपण गाठणाऱ्या माद्या फारशा उरत नाहीत. ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५०च्या दशकात हे गणितानं मांडलं: डासांची संख्या निम्मी केली तर प्रसार साधारण निम्मा होतो, पण त्यांचं आयुष्य घटवलं तर तो कितीतरी जास्त घटतो.

डास कोणता, हे न बघता उपाय ठरवणं

गटारं साफ केली, तरी हिवताप हटला नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. दिवसा चावणारा एडिस डेंग्यू पसरवतो. ॲनोफेलिस मुख्यतः संध्याकाळ ते पहाट चावतो आणि बहुधा तुलनेनं स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या राहतात, बाकीच्या दोघांच्या डोकं खाली करून लोंबतात. एवढं ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

ॲनोफेलिसमध्येही प्रकार आहेत. घरात चावून भिंतीवर बसणाऱ्यांसाठी फवारणी उत्तम, बाहेर विसावणाऱ्यांसाठी ती अपुरी. नायजेरियातल्या गार्की इथे १९७०च्या दशकात फवारणी आणि सामूहिक औषधोपचार दोन्ही करूनही प्रसार थांबला नाही. बाहेर विसावणारे डास हे त्याचं एक मोठं कारण होतं. ॲनोफेलिस स्टेफेन्सी तर शहरातल्या टाक्या, विहिरी आणि बांधकामाच्या पाण्यात वाढतो. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती देशात सापडला. हा डास असेल तिथे टाक्यांची झाकणं घट्ट बसवल्याशिवाय नुसत्या मच्छरदाण्यांवर भागत नाही.

सगळीकडच्या अळ्या मारायला निघणं

अळीनाशक चालतं ते पाण्याच्या जागा मोजक्या, कायमच्या आणि सहज सापडणाऱ्या असतील तिथे. पावसात जनावरांच्या खुरांच्या खळग्यांतही पाणी साचतं. त्यामागे धावण्यात माणसं आणि पैसा दोन्ही संपतात. जागा योग्य असली तरी महिन्यातून एकदा औषध टाकून उपयोग नाही. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून बहुतेक औषधांची फेरी दर आठवड्याला हवी.

फवारणी केली, तरी रुग्ण कमी होत नाहीत?

लगेच औषध बदलू नका आणि मात्रा तर मुळीच वाढवू नका. आधी किती घरं खरोखर फवारली ते मोजा. पाचातलं एखादं घर सुटलं तरी संरक्षण ढासळू लागतं. झोपायच्या खोल्या सुटल्या का? फवारणीनंतर भिंती सारवल्या किंवा रंगवल्या का? तसं झालं असेल तर औषध थराखाली गाडलं गेलं. फवारणी हंगामाआधी झाली की साथ सुरू झाल्यावर? मच्छरदाण्या रात्री खरंच लावल्या जातात का, कडक साबणानं धुऊन उन्हात वाळवल्या जातात का?

हे सगळं ठीक असेल, तर डासांची प्रतिकारशक्ती तपासून घ्या. ठरलेल्या मात्रेला २४ तास उलटूनही मरणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर औषधाचा गटच बदलायला हवा. पायरेथ्रॉइड (मच्छरदाण्यांत सर्रास वापरला जाणारा कीटकनाशकांचा गट) असलेल्या मच्छरदाण्या वापरत असताना भिंतीलाही पायरेथ्रॉइडच मारलं, तर प्रतिकारशक्ती वाढवायला आपणच हातभार लावतो. पायरेथ्रॉइडसोबत क्लोरफेनापीर हे वेगळ्या गटातलं कीटकनाशक असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस २०२३ मध्ये झाली ती याच अडचणीसाठी.

आकडा खाली आला की थांबणं

ही चूक सर्वांत दुःखद आहे. श्रीलंकेत १९६३ मध्ये वर्षभरात फक्त १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, आणि १९६९ मध्ये आकडा पाच लाखांवर गेला. पुन्हा शून्यावर यायला २०१२ उजाडलं, हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र सप्टेंबर २०१६ मध्ये मिळालं. या वेळी डासांवरची नजर काढली गेली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मन्नारमध्ये स्टेफेन्सी पहिल्यांदा सापडला, आणि तिथल्या पथकांनी विहिरी तपासायला घेतल्या.