लहान मुलांना ग्रेस हॉपर यांची ओळख कशी करून द्यावी

सुरुवात गजराच्या घड्याळांपासून करावी. पुढे संगणकतज्ज्ञ झालेल्या, न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली जन्मलेल्या ग्रेसने सातव्या वर्षी, गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी, घरातली सात घड्याळे एकामागून एक खोलली, आणि आईने पुढे तिला एकाच घड्याळाची मुभा ठेवली, एवढ्यावर मुले कान टवकारतात. येलची गणितातील डॉक्टरेट, नौदलातील भरती आणि १९४४ पासून हार्वर्डच्या ५१ फूट लांब मार्क-१ या संगणकावरचे काम दोन वाक्यांत उरकावे.

खरी कसोटी पुढे आहे. 'संगणकाची जननी' यासारखी बिरुदे ऐकवून मोकळे होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; त्यातून बाईंनी नेमके काय केले हे मुलांना कळत नाही. मलाही हा टप्पा फार काळ जमत नव्हता. जमला तो खेळातूनच. १ म्हणजे एक पाऊल पुढे, २ म्हणजे उजवीकडे वळणे, ३ म्हणजे वाकून उचलणे, असा तक्ता करावा आणि एका मुलाला यंत्र करून फक्त आकड्यांवर चमचा आणायला सांगावे. एक आकडा चुकला की यंत्र कपाटाला जाऊन भिडते. तेव्हा मध्ये पडू नये. मग दुसऱ्या मुलाला दुभाष्या करावे. बाकीची मुले 'पुढे जा, वळ, उचल' अशी मराठी चिठ्ठी लिहितील आणि दुभाष्या तक्ता पाहून तिचे आकडे करील. दुभाष्याचे काम मोठ्यांनी मुळीच करू नये, कारण आपण नकळत चिठ्ठीतली चूक दुरुस्त करतो. शिवाय संपूर्ण चिठ्ठीचे आकडे झाल्यावरच कागद यंत्राच्या हाती द्यावा. यंत्र हुशार झालेले नाही, त्याला अजूनही आकडेच कळतात, हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबावे.

त्यानंतरच सांगावे की, वारंवार लागणारे आज्ञासंच केवळ क्रमांक दिल्यावर यंत्रानेच शोधून जोडावेत अशी सोय हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० या प्रणालीत केली, आणि इंग्रजी शब्दांतल्या आज्ञा पुढे फ्लो-मॅटिक या संगणकभाषेत आल्या, ज्यांच्या आधारावर १९५९ नंतर कोबॉल ही दुसरी संगणकभाषा उभी राहिली.

शेवटी सुमारे ३० सेंटिमीटर वायर प्रत्येकाच्या हाती द्यावी: एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश एवढेच अंतर कापतो, हे हॉपर आपल्या श्रोत्यांना अशाच तुकड्यांनी दाखवत. मार्क-२ या नंतरच्या संगणकात १९४७ साली सापडलेल्या पतंग या किड्याची गोष्ट हवी तर सांगावी, मात्र तो त्यांनी शोधला असे सांगू नये. तो त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता.