वाढीव वीजबिलाची तक्रार: वर जाण्याआधी हाताशी काय हवं

महावितरणचं बिल दुप्पट आलं की आधी बिलावरचं रीडिंग, बिलाचे दिवस आणि मीटरचा फोटो बघा. रीडिंगच्या जागी ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असेल तर बिल सरासरीचं आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये हे बऱ्याचदा मीटर रूमला कुलूप असल्यामुळे होतं. मग रीडिंग मिळालं की दोन-तीन महिन्यांचे युनिट एकदम लागतात आणि वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या टप्प्यात, जातात. अशा वेळी युनिट त्या-त्या महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा मागा. हे काम उपविभागातच, म्हणजे महावितरणच्या आपल्या भागातल्या कार्यालयातच होतं, वर जायची गरज नाही.

रीडिंग बरोबर असूनही पटत नसेल तर मीटर तपासा. घरातला मेन स्विच बंद करा. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर मेन स्विचच्या आधी कुठेतरी वीज जाते आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल तर एका युनिटला ३२०० लुकलुक. फक्त २००० वॅटचा गीझर गार पाण्यावर ३ मिनिटं चालवा: साधारण ३२० मोजल्या गेल्या पाहिजेत. व्होल्टेजमुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण ४५०-५०० आल्या तर मीटर टेस्टिंगचा अर्ज द्या. मोजताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, मीटर नंबर त्यात दिसू द्या.

अर्ज दोन प्रतींत, १२ अंकी ग्राहक क्रमांकासह, आणि मागणी एकाच वाक्यात. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांना सांगतो’ यावर परत येणारेच पुढे अडकतात, कारण वरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो तारखेचा. १९१२ या हेल्पलाइनवर नोंदवलं असेल तर तक्रार क्रमांक त्याच प्रतीवर लिहून ठेवा. तार तुटली, मीटर बॉक्समधून ठिणग्या उडाल्या तर मात्र अर्ज वगैरे काही नाही, थेट १९१२.

तक्रार चालू आहे म्हणून बिल भरायचं थांबवू नका. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीसही लागते.

उपविभागाने दाद दिली नाही तर आधीच्या अर्जाची प्रत जोडून विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे जा. तिथेही उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच. ठाणे आणि वाशी मंडलांसाठी तो भांडुप परिमंडलाचा. वकील लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर मंच तो घेत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधीच ठरवा. मंचाचा निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांच्या आत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे, म्हणजे मंचाच्या निकालावर दाद मागायच्या अधिकाऱ्याकडे. हे ६० दिवस निकालाच्या तारखेपासून धरून कॅलेंडरवर खूण करा. सुनावणीला जाताना मागच्या बारा महिन्यांची बिलं महिन्यांच्या क्रमाने लावून, शिक्क्यांच्या प्रती सगळ्यात वर ठेवून न्या.