थोर पोप ग्रेगरी यांच्यावर लिहिताना या चुका टाळा

इ.स. 590 ते 604 या काळात रोमच्या धर्मपीठावर असलेले पहिले ग्रेगरी कॅथलिक परंपरेत ‘थोर’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्यावर लिहिताना सर्वांत आधी चुकतो तो क्रमांक, कारण ग्रेगरी हे नाव एकूण सोळा पोपांनी धारण केले आहे. 1582 मध्ये दिनदर्शिका सुधारली ती तेराव्या ग्रेगरींनी, तर जर्मनीचा राजा चौथ्या हेन्रीला 1077 मध्ये इटलीतील कानोसाच्या किल्ल्याबाहेर तिष्ठत ठेवले ते सातव्यांनी. गोव्याशी संबंध आला की घोटाळा आणखी वाढतो. संत फ्रान्सिस झेवियर यांना संतपद 12 मार्च 1622 रोजी पंधराव्या ग्रेगरींनी दिले, आणि 12 मार्च ही पहिल्या ग्रेगरींची पुण्यतिथी असून त्या काळी त्यांचा सणही त्याच दिवशी असे. हल्ली हा सण 3 सप्टेंबरला, म्हणजे 590 मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला त्या दिवशी पाळतात. म्हणून प्रत्येक उल्लेखासोबत नाव, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही लिहावीत.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती वाचायला गोड लागते. रोमच्या बाजारात विक्रीला आणलेली गोरी मुले पाहून ग्रेगरींनी ‘अँगल’ (त्या मुलांच्या जमातीचे नाव) आणि ‘एंजल’ (देवदूत) या शब्दांवर कोटी केली, ही कथा बहुतेक लेखांच्या सुरुवातीलाच येते. इंग्लंडमधील बीड या मठवासी इतिहासकाराने ती 731 च्या सुमारास, ग्रेगरींच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी नोंदवली, तीसुद्धा पूर्वजांकडून चालत आलेली गोष्ट म्हणून. ती जरूर सांगावी, पण बीडच्या नावावर सांगावी. ग्रेगरी स्वतः काय म्हणत होते हे पाहायचे असेल, तर त्यांची साडेआठशेच्या आसपास पत्रे आजही उपलब्ध आहेत.

पत्रे वापरतानाही एकच पत्र उचलून निष्कर्ष काढू नये. 596 मध्ये त्यांनी ऑगस्टीन नावाच्या मठवासीला धर्मप्रसारासाठी इंग्लंडकडे पाठवले (हिप्पोचे संत ऑगस्टीन वेगळे, ते 430 मध्येच वारले होते). 22 जून 601 रोजी इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट याला लिहिलेल्या पत्रात ग्रेगरी मूर्तिपूजा मोडून देवळांच्या इमारती पाडण्यास सांगतात. ऑगस्टीनच्या मदतीला इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला लिहिलेल्या पत्रात मात्र ते म्हणतात की देवळे पाडू नयेत. फक्त मूर्ती काढाव्यात, पवित्र पाणी शिंपडावे, वेदी उभाराव्यात, आणि लोक बैल कापतच असतील तर सणाच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांना देवाच्या नावाने जेवू द्यावे. शिखर गाठू पाहणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही, असे कारणही ते देतात. बीडच्या ग्रंथात या पत्राची तारीख 17 जून अशी आहे. ती खरी धरली, तर ग्रेगरी आधी मवाळ होते आणि पाच दिवसांनी कठोर झाले असा उलटा अर्थ निघतो. पण पत्राचा आरंभ वाचावा: तुमच्यासोबत आमची माणसे निघाल्यापासून प्रवासाची काहीच खबर नाही, म्हणून चिंता लागली आहे, असे ते लिहितात. म्हणजे एथेलबर्टचे पत्र घेऊन मेलिटसची मंडळी आधीच वाटेला लागली होती. म्हणूनच अभ्यासक तारीख 18 जुलै अशी दुरुस्त करतात. आपला आदेश चुकला हे उमगून महिनाभरात तो बदलणारा माणूस इथे समोर दिसतो. ग्रेगरींविषयी मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

पत्रांचे संदर्भ जुळत नसतील तर दोन गोष्टी तपासाव्यात. पत्रसंग्रहाचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे पहिल्या भागातील पत्र 590 चे असेल किंवा 591 चेही. शिवाय आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात: मेलिटसचे पत्र अकराव्या भागात एका आवृत्तीत 56 वे, तर दुसरीत 76 वे आहे.

ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधील पारंपरिक लॅटिन उपासनागायन, त्यांनी रचले असेही लिहू नये. आज ज्ञात असलेले त्याचे रूप आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक राज्यात घडले. याउलट, मरिया माग्दालेना, बेथानीची मरिया आणि बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील अनाम पापी स्त्री या तिघींना एक मानण्याची जबाबदारी मात्र त्यांच्याकडे जाते, कारण 591 च्या प्रवचनात त्यांनी तसे स्पष्ट म्हटले आहे. आदरापोटी ते झाकू नये.

मृतांसाठी अर्पण होणाऱ्या ‘ग्रेगोरियन मिस्सां’चा (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) उगम सांगताना त्यांनी तसा कायदा केला असे लिहिले जाते. मूळ गोष्ट त्यांच्याच ‘संवाद’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात आहे. युस्तुस या मठवासीने तीन सोन्याची नाणी लपवली होती, म्हणून तो मेल्यावर ग्रेगरींनी त्याचे प्रेत ती नाणी अंगावर टाकून उकिरड्यात पुरायला लावले. तीस दिवसांनी त्यांनाच त्याची दया आली, आणि पुढचे तीस दिवस त्याच्यासाठी रोज मिस्सा अर्पण करण्यास त्यांनी मठातील प्रेतिओसुसला सांगितले. त्यामुळे आजही या तीस मिस्सा सलग तीस दिवस होतात. सवडीने वाटून घेतलेल्या तीस मिस्सांना ते नाव देऊ नये.