बॅटरी उकळतेय? कटआउट बदलण्याआधी या चुका टाळा

मे लागला की हिंगणघाट रोडवरच्या माझ्या शेडमध्ये जुन्या अँबेसेडर, पद्मिनी आणि जीपा यायला लागतात. तक्रार एकच असते, "भाऊ, बॅटरी उकळून रायली." दोन दिवसांआड पाणी टाकावं लागतं, हेडलाइटचे बल्ब उडतात, बॉनेट उघडलं की सडक्या अंड्याचा वास, आणि बॅटरीखालचा पत्रा ॲसिडनं खाल्लेला. चार्जिंग जास्त होतंय, इथपर्यंत गाडीवाल्याचं बरोबर असतं. पुढचं वाक्य ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. "कटआउट सोबतच आणलं, तेवढं बसवून द्या." कटआउट म्हणजे चार्जिंग आवरणारी रेग्युलेटरची डबी.

अरे बाबा, आधी बॅटरीवर मीटर लावून व्होल्टेज मोजलं का? गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी सकाळी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन थोडं रेस करून धरलं की 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला पाहिजे. 15 च्या वर जाऊन तिथंच बसला, तर खरंच जास्त चार्जिंग आहे. उन्हाळ्यात बॅटरी तापलेली असताना तर 14.4 सुद्धा मला जास्तच वाटतं. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, पण दुकानात जाऊन नवीन पार्ट घेण्यात जी मजा आहे ती मोजण्यात नाही, त्याला मी काय करू.

आता माझा लाडका विषय, अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडं परत जाणारी जोडणी. डायनामोवाल्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाडीत कटआउटच्या डबीत एक कॉइल डायनामोचा व्होल्टेज सतत बघत असते. तो ठरलेल्या आकड्यावर पोचला की पॉइंट उघडतो, फिल्डचा, म्हणजे डायनामोत चुंबक तयार करणाऱ्या कॉइलचा, करंट कमी होतो आणि चार्जिंग उतरतं. पण ही कॉइल बघते ते तिच्या स्वतःच्या अर्थपासून. डबीचा अर्थ ढिला किंवा गंजलेला असेल तर तिला खऱ्यापेक्षा कमी व्होल्टेज दिसतो. कमी दाखवणाऱ्या काट्यावर कापूस मोजला तर माणूस बोऱ्यात भरतच राहील, तसं. कटआउट बिचारं इमानदारीनं काम करत असतं आणि शिव्या त्यालाच.

वणीकडच्या एका कास्तकाराची आजोबांच्या काळची अँबेसेडर आली होती. घरात लग्न होतं, नवरदेव त्याच गाडीत यायचा होता. तोवर दोन मिस्त्र्यांनी तीन कटआउट बदलले होते आणि एक बॅटरी फुगली होती. मी मीटर लावलं, 17.1. मालक म्हणाला, "चौथं आणू का?" मी म्हटलं, "थांबा जी." इंजिन चालू ठेवूनच मीटरची एक वायर डबीच्या 'ई' म्हणजे अर्थच्या टर्मिनलवर लावली, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर. इथं जवळजवळ शून्य पाहिजे, 0.1 सुद्धा मला खपत नाही. आले 2.7! मग विचारलं, गाडीला रंग कधी मारला? लग्नासाठीच, दोन महिन्यांआधी. पेंटरनं डबी काढली, खालच्या पत्र्यावर मस्त जाड रंग मारला आणि स्क्रू त्या रंगावरच आवळले. नंतर आलेल्या तिन्ही डब्या त्याच रंगावर बसल्या. स्क्रूखालचा रंग खरवडला, दातऱ्या वॉशर टाकला, शिवाय 'ई'पासून बॅटरीच्या अर्थपर्यंत एक वेगळी वायर ओढली. मीटर 14.4 वर आलं. मालक बराच वेळ मीटरकडे बघत राहिला, मग म्हणे, "म्हणजे आमाले पेंटरनं मारलं म्हणा ना!"

तेव्हापासून जुनी गाडी कशासाठीही आली तरी ही जास्तीची वायर मी ओढूनच देतो. कोणी विचारलं नाही तरी.

डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणि बाहेर रेग्युलेटर असलेल्या गाडीत हाच खेळ दुसऱ्या बाजूनं होतो. रेग्युलेटरला व्होल्टेज दाखवणारी वायर चावीच्या स्विचमधून, फ्यूजमधून फिरत येते. वीस-तीस वर्षांच्या त्या स्विचमध्ये एक व्होल्ट गळाला की अल्टरनेटर तेवढाच एक व्होल्ट वर चढवतो. बॅटरी प्लस आणि रेग्युलेटरची ती वायर यांच्यामध्ये मीटर धरा, लगेच कळतं.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे जरा लाजतच सांगतो. एका पद्मिनीवर अख्खा दिवस घालवला. मीटर 16.5 च्या खाली उतरेना. अर्थ साफ केला, रेग्युलेटर बदलला, वायरिंग उकललं. संध्याकाळी पोट्ट्यानं तेच मीटर नवीन बॅटरीवर लावलं, गाडी बंद, तरी 14.5 दाखवतंय! माझ्या पिवळ्या स्वस्त मीटरच्या पोटातला 9 व्होल्टचा सेल मेला होता. सेल उतरला की ही मीटरं वाढीव आकडा सांगतात. आता मी आधी घरच्या मोटरसायकलच्या बॅटरीवर मीटर पारखतो, मगच लोकांच्या गाडीला हात लावतो.

"गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघ, बंद पडली तर चार्जिंग खराब." हा उपाय सांगणारा माणूस प्रत्येक गावात एक असतो आणि पानठेल्यावरच असतो. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं की व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातात. म्हणजे आला होता वायरच्या खर्चासाठी, गेला अल्टरनेटरचं बिल घेऊन.

डबीचं झाकण उघडून स्क्रू पिळणारे तर मला बघवतच नाहीत. लुकास कंपनीच्या जुन्या डबीचं सेटिंग तिच्या आतल्या, बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटच्या पॉइंटमध्ये कागद घालून, म्हणजे बॅटरी वेगळी ठेवून तपासतात. तेव्हा आकडा 16 च्या आसपास येतो आणि तो बरोबर असतो. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका उतावळ्यानं तो 14 वर आणला. चार दिवसांत गाडी धक्क्यावर. शिवाय हे काम अर्ध्या मिनिटात उरकायचं असतं, कॉइल तापली की आकडा खोटा. एवढा हात बसला नसेल तर झाकण बंदच राहू द्या.

बेल्ट ढिला करून चार्जिंग कमी करू नका. त्याच बेल्टवर फॅन आणि पाण्याचा पंप आहे. वरोऱ्याच्या पुढं दुपारी दोनला इंजिन तापलं की कळेल.

जास्तीचं चार्जिंग खपवायला दिवसा हेडलाइट लावून गाडी घरापर्यंत आणणं ठीक आहे, मीही आणली आहे. पण एक जण वर्षभर तशीच चालवत होता.

बॅटरीचा एक सेल, म्हणजे आतला कप्पा, बसला असेल तरी अँमीटरचा (चार्जिंगचा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा खाली येत नाही आणि पाणी उकळतं. गाडी बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी 10.5 च्या आसपास आली तर दोष बॅटरीचा.

डायनामोच्या 'डी' (करंट बाहेर आणणारी) आणि 'एफ' (फिल्डची) वायरी एकत्र वितळल्या असतील तर कटआउट काहीच करू शकत नाही. लुकासच्या डायनामोत फिल्डला थेट पूर्ण करंट मिळतो. कटआउटवरून 'एफ' काढून बघा. तरी चार्जिंग धावतच असेल तर डबीकडे बघूच नका, वायर शोधा.

बॅटरीत बोअरचं पाणी टाकू नका, डिस्टिल्डच टाका. आणि उकळत्या बॅटरीवर वाकून झाकणं उघडताना बिडी विझवा. मी बिडी सोडली ती ह्याच कारणानं, बायको काहीही सांगो.