थ्रॉटल सेन्सर: आधी मोजा, मग पान्याला हात घाला

ॲक्सिलरेटर एका ठरावीक जागी आला की गाडी क्षणभर गप्प होते आणि मग झटका देऊन सुटते. आयडलिंग वरखाली होतं, चेक इंजिनचा दिवा कधी पेटतो, कधी विझतो. अशा वेळी संशय इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडली ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे टीपीएसवर जातो, आणि तो रास्तही आहे. पण गोव्यात सेन्सर बदलण्याआधी त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडून बघावा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पितळी पिना हिरव्या पडतात, आणि नवा सेन्सर त्याच कुजक्या जोडणीवर बसवला तर दोन आठवड्यांत तीच तक्रार परत येते.

बॉनेट उघडल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती ही: थ्रॉटल बॉडीला ॲक्सिलरेटरची केबल येते का? येत असेल तर सेन्सर फुलपाखराच्या, म्हणजे झडपेच्या दांड्याच्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. स्क्रूची भोकं लांबट असतील तर तो फिरवून जुळवता येतो. गोल असतील तर जुळवणी नाहीच. केबल नसेल तर थ्रॉटल मोटरवर चालतो. त्याबद्दल शेवटी.

केबलवाल्या जुन्या गाड्यांतला सेन्सर बहुतेक वेळा साधा पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवरून एक काटा सरकतो आणि झडप जितकी उघडेल तितका व्होल्टेज वाढतो. वायरी तीन: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. चौथी असेल तर ती बहुधा आयडल स्विचची, म्हणजे थ्रॉटल बंद आहे की नाही ते सांगणाऱ्या स्विचची. म्हापसा किंवा मडगावच्या गर्दीत थ्रॉटल सारखा थोडासाच उघडा राहतो, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. झटका नेहमी पेडलच्या त्याच जागी येत असेल तर खूण पक्की समजा. कुठल्याही जागी येत असेल तर आधी व्हॅक्यूमचा पाइप, इंधनाचा दाब आणि काळी पडलेली थ्रॉटल बॉडी तपासा.

स्कॅनर असेल तर गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचून घ्या. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०१२३ म्हणजे फार वर, पी ०१२१ म्हणजे सिग्नल इंजिनच्या बाकी आकड्यांशी जुळत नाही. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सरच गेला असं सांगत नाही.

आता मल्टिमीटर. इंजिन बंद, चावी ऑन, कपलर काढलेला, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरिंगच्या बाजूच्या एका पिनेवर ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मिळत नसतील तर दोष आधी पुरवठ्यात शोधा, सेन्सरमध्ये नाही. बऱ्याच गाड्यांत हाच पुरवठा मॅप सेन्सरलाही (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) जातो, आणि तो सेन्सर शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली बसतात. त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढा. ज्याच्या सुटण्याबरोबर व्होल्टेज परत येईल, दोष त्याच फांदीवर.

मग अर्थ. कपलर परत लावा, इंजिन चालू करा आणि सेन्सरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.१ च्या वर गेला तर अर्थ खराब, आणि तेवढ्याच प्रमाणात सिग्नल खोटा वर दिसतो. अशा वेळी सेन्सर फिरवून आकडा जुळवणारा माणूस एक चूक झाकायला दुसरी करतो. इंजिनावरचे अर्थचे बोल्ट काढून गंज घासा, मग पुन्हा मोजा.

सिग्नल मोजताना वायरीच्या प्लास्टिकमध्ये टाचणी खुपसू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात आतलं तांबं कुजतं. टाचणी कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने अलगद सरकवा. चावी ऑन, इंजिन बंद. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ च्या आसपास दिसलं पाहिजे. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. आता झडप हाताने अगदी हळू, दहा-पंधरा सेकंद घेऊन उघडा. व्होल्टेज अखंड चढला पाहिजे, मध्ये कुठेही पडता कामा नये. डिजिटल मीटर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो, क्षणिक खड्डा त्यातून निसटतो. इथे जुना काट्याचा मीटर सरस. नसेल तर मिनिमम-मॅक्सिमम नोंदवणारा वापरा. थंड असताना सगळं बरोबर आलं तर सेन्सरला हेअर ड्रायरने ऊब द्या, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके मारा आणि परत मोजा. मीटरचा काटा दचकला तर सेन्सर बदला. झिजलेली पट्टी जुळवणीने सुधारत नाही.

जुळवणीची वेळ येते ती सेन्सर चांगला आहे पण बंद थ्रॉटलचा आकडा चुकतो तेव्हा, किंवा नवा बसवल्यावर. आकडा वर असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं की पाय पेडलवर आहे, आणि आयडलिंगचं नियंत्रण नीट चालत नाही. आधी थ्रॉटल बॉडीच्या बोअरमधली, म्हणजे आतल्या नळीतली, काजळी थ्रॉटल क्लीनरने साफ करा, पण फवारा सेन्सरवर उडू देऊ नका. केबलला थोडी ढील हवी आणि झडपेचा पंजा थांब्यावर पूर्ण टेकलेला हवा. त्या थांब्याचा स्क्रू कारखान्यात लावून रंगाने बंद केलेला असतो. आयडलिंग वाढवायला त्याला हात लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण मग मोजायला पक्का शून्यच उरत नाही.

सेन्सरचे स्क्रू गंजलेले असतात. पेनिट्रेटिंग ऑइल टाकून वीस मिनिटं थांबा आणि नेमक्या मापाचा बिट वापरा. फुलीचं तोंड घासलं की स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. सेन्सरची जुनी जागा मार्करने खुणा करून ठेवा. स्क्रू अर्धा-एक आटा ढिले करा, सेन्सर केसभर फिरवा, मीटरवर आकडा आला की आळीपाळीने आवळा. साधारण २ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे मनगटाच्या जोरावर. जास्त दाबलं तर प्लास्टिकचे कान फुटतात. आवळताना सेन्सर सरकतो, म्हणून परत मोजा. मग थ्रॉटल पाच वेळा उघडून सोडा. दर वेळी आकडा ०.०२ व्होल्टच्या फरकात परत आला पाहिजे. येत नसेल तर झडप किंवा केबल अडकते आहे.

आयडल स्विच असलेल्या प्रकारात थांब्याचा स्क्रू आणि पंजा यांच्यामध्ये फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं पातं, घालतात. मॅन्युअलमधल्या पातळ पात्याला स्विच जोडलेला आणि जाड पात्याला तुटलेला दिसेपर्यंत सेन्सर फिरवायचा.

मोटरवरच्या थ्रॉटलमध्ये दोन सिग्नल असतात आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून बघतो. ते जुळले नाहीत की पी २१३५ येतो. इथे फिरवण्यासारखं काही नाही. त्यातले बरेच सेन्सर स्पर्शाविना काम करतात, त्यांना ओहममीटर लावू नका. चावी ऑन असताना झडपेत बोट घालू नका: मोटर बोट चिरडू शकते, आणि जबरदस्तीने ढकलल्यास आतला गिअर तुटू शकतो. चावी काढून, क्लीनर कापडावर घेऊन पुसा, मग स्कॅनरने थ्रॉटलचं रीलर्निंग करा, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा पुन्हा शिकवा.

दोन्ही प्रकारांत शेवटचं काम कपलरचं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या, पिनांची पकड ढिली नाही ना ते पाहा, रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या आणि लॉकचा ‘टक’ आवाज ऐका. कोड पुसा, इंजिन गरम होऊ द्या, दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा, आधी एसी बंद आणि मग चालू. त्यानंतर फोंड्याहून फर्मागुढीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, पेडल हळूहळू दाबत चढा. जिथे पूर्वी झटका यायचा, पाय नेमका त्याच जागी धरून ठेवा.